लोखंडी स्ट्रक्चरच्या डिटेलिंगसाठी त्रिमितीय मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर: लहान वर्कशॉपने घ्यावे का?

वेणाकाठ

नमस्कार. हिंगणघाट तालुक्यात आमचे लोखंडी कामाचे वर्कशॉप आहे. वडिलांनी बैलबंड्यांच्या चाकांच्या धावा, फाटके आणि विहिरीवरच्या जाळ्या यांपासून सुरुवात केली. आता मी जिनिंग-प्रेसिंगची शेडे, सोयाबीन-तुरीची गोदामे आणि दालमिलच्या मशीनखालची स्ट्रक्चरे करतो. आमच्याकडे दोन मॅग्नेटिक ड्रिल, एक रेडियल ड्रिल, गॅस कटिंगची पग मशीन आणि चार सीओटू वेल्डिंग संच आहेत. सीएनसी (संगणकाच्या फाइलवरून चालणारे) यंत्र एकही नाही. डिटेलिंगची, म्हणजे प्रत्येक तुकड्याची मापे व भोके दाखवणारी ड्रॉइंग आजवर आमचा ड्राफ्ट्समन ऑटोकॅडमध्ये द्विमितीय पद्धतीनेच काढत आला आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका कामात जे घडले, त्यामुळे हा प्रश्न विचारत आहे. शेड २० मीटर रुंद, फ्रेममधील अंतर ६ मीटर आणि छताचा उतार १० ला १ होता. राफ्टरवरील (छताच्या उतरत्या बीमवरील) ब्रेसिंगच्या (दोन फ्रेममधील तिरप्या अँगलांच्या) गसेटची (जोडाच्या प्लेटांची) अंतरे ड्राफ्ट्समनने प्लॅनमधील, म्हणजे आडवी मापे म्हणून लिहिली होती. वर्कशॉपमध्ये राफ्टर जमिनीवर पडलेला असतो, त्यामुळे फिटरने तीच मापे राफ्टरच्या अंगावर, म्हणजे उतारावर टाकली. आडव्या ४,५०० मिलिमीटरला उतारावर ४,५२२ मिलिमीटर लागतात. ब्रेसिंगच्या अँगलची लांबी मात्र ड्राफ्ट्समनने उतार धरून, ६,००० आणि ४,५२२ च्या कर्णाप्रमाणे, बरोबर काढली होती. परिणामी अँगलची भोके ७,५१३ वर पाडली गेली आणि गसेटची भोके एकमेकांपासून ७,५०० वर राहिली. १६ मिलिमीटरच्या बोल्टला १८ चे भोक असते, त्यामुळे १३ मिलिमीटरचा फरक कुठेच सामावणार नव्हता. भोके गॅसने लांबवण्याची सूचना कामगारांनी केली. सल्लागार अभियंत्यांनी ती नाकारली आणि ते योग्यच होते. शेवटी शिडीवर आणि मचाणावर उभे राहून सर्व गसेट कापून नवे लावावे लागले. कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी शेड द्यायचे होते आणि त्यात अकरा दिवस गेले.

आता बुटीबोरीकडच्या एका मुख्य कंत्राटदाराकडून १४० टनांचे जॉब वर्क मिळत आहे. त्याची अट अशी आहे की काम त्रिमितीय मॉडेलवरून व्हावे, प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र ड्रॉइंग असावे आणि प्लेटांच्या एनसी फाइल त्याला द्याव्यात, कारण प्लेटा तो स्वतःच्या सीएनसी प्लाझ्मावर कापून पाठवणार आहे. माझ्या पुतणीने शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आहे आणि तिची शिकण्याची तयारी आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यावे का, घेतले तर कोणते, आणि मुळात माझी मागच्या वर्षीची चूक त्याने टळली असती का, हे जाणकारांनी सांगावे.

ग्रिडलाईन

वेणाकाठ भाऊ, मी नागपुरात बारा वर्षांपासून डिटेलिंग करतो. आमच्या कार्यालयाचे बहुतेक काम अमेरिकेतील इमारतींचे असते. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हो, ती चूक टळली असती. मॉडेलमध्ये आपण माप लिहीत नाही, तर तुकडा त्याच्या जागेवर ठेवतो. राफ्टर उतारावर ठेवला, गसेट त्याला जोडले आणि अँगल दोन गसेटांच्या मध्ये बसवला की भोकांची जागा तिन्ही तुकड्यांना एकाच बोल्टवरून मिळते. त्यानंतर राफ्टरचे ड्रॉइंग काढताना अंतर राफ्टरच्या अंगावरचेच येते. ऑटोकॅडमध्ये प्लॅन, छेद आणि तुकड्याचे ड्रॉइंग या तीन वेगळ्या रेघा असतात आणि त्या जुळवण्याचे काम माणसाच्या डोक्यात चालते. चूक तिथेच शिरते.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे टेक्ला स्ट्रक्चर्स. टेक्ला ही १९६६ मध्ये फिनलंडमध्ये स्थापन झालेली कंपनी आहे. तिचे लोखंडी कामाचे सॉफ्टवेअर आधी एक्सस्टील या नावाने ओळखले जाई, त्यामुळे जुने डिटेलर अजूनही तेच नाव घेतात. २०११ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या ट्रिंबलकडे गेली. दुसरे एसडीएस२, जे अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात तयार झाले. जोडाचे बोल्ट आणि वेल्ड ते स्वतः हिशोब करून ठरवते, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. तिसरे ॲडव्हान्स स्टील, जे ऑटोडेस्कने २०१३ मध्ये ग्रेटेककडून घेतले. ते ऑटोकॅडच्या चौकटीतच चालते, म्हणून आपल्या ड्राफ्ट्समनला पहिल्या आठवड्यात ते सोपे वाटेल. आपल्या कामासाठी मी टेक्ला सुचवेन, कारण भारतीय सेटिंग निवडली की आयएसएमबी (बीम), आयएसएमसी (चॅनल), आयएसए (अँगल) हे छेद, म्हणजे लोखंडाचे प्रमाणित आकार, तयार मिळतात, आणि नागपूर-पुण्यात ते येणारी माणसेही सापडतात.

मॉडेलचे खरे बळ चित्रात नसून नंबरिंगमध्ये आहे, हे आपल्या पुतणीने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याची लांबी, छेद, भोके, कट आणि स्टीलची प्रत तपासते आणि हुबेहूब सारख्या तुकड्यांना एकच मार्क (ओळख क्रमांक) देते. एका राफ्टरवर एक क्लीट (जोडासाठीचा छोटा तुकडा) दुसऱ्या बाजूला असेल, तर तो राफ्टर वेगळा मार्क घेतो. आपल्याकडे ड्रॉइंगवर “एक सरळ, एक उलटा” असे लिहून दोन तुकड्यांचे काम एका कागदावर भागवण्याची पद्धत आहे. मॉडेल तसे करत नाही, डाव्या-उजव्याला वेगळे मार्क देते. कागद वाढतात, पण उलटा तुकडा वर चढवून पुन्हा खाली उतरवण्याचा प्रसंग येत नाही.

एनसी फाइल म्हणजे जर्मनीच्या पोलाद-बांधकाम संघटनेने ठरवलेल्या डीएसटीव्ही पद्धतीतील साधी मजकुराची फाइल. तिच्यात मुख्यतः तुकड्याची कड, भोकांची जागा व व्यास आणि जाडी लिहिलेली असते. मॉडेल नीट असेल आणि नंबरिंग झालेले असेल, तर शेकडो फाइल काही मिनिटांत निघतात. नंबरिंगनंतर मॉडेलमध्ये बदल करून जुन्याच फाइल पाठवणे हा या कामातला सर्वांत महागडा निष्काळजीपणा आहे, कारण सीएनसी यंत्रापुढे विचारणारा फिटर नसतो.

खडू_आणि_पंच

मी पुलगावजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे आणि माझा अनुभव मुख्यतः मार्किंगचा आहे. संगणकाला माझा विरोध नाही. तरी वर्कशॉपच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

कैची (छताची ट्रस) करताना आम्ही फरशीवर खडूच्या दोरीने पूर्ण मापाचा आराखडा पाडतो, ३-४-५ च्या प्रमाणाने काटकोन तपासतो आणि प्रत्येक अँगलची गुरुत्वमध्याची रेघ गाठीवर एकत्र आणतो. ६५ बाय ६५ बाय ६ च्या अँगलमध्ये ही रेघ पाठीपासून सुमारे १८ मिलिमीटरवर असते, म्हणजे अँगलच्या मध्यावर नसते. मॉडेलवरून आलेल्या एका कामात मी पाहिले की डिटेलरने अँगल जसाच्या तसा मध्यरेषेवर, म्हणजे साडेबत्तीसवर ठेवला होता. सर्व भोके जुळत होती, चित्र सुंदर होते, पण गाठीवर अँगलांच्या रेघा एका बिंदूत मिळत नव्हत्या. अशा गाठीवर भार आडवा जातो आणि गसेट वाकवतो. सॉफ्टवेअरने यात काहीही चूक दाखवली नाही, कारण तुकडे एकमेकांना भिडत नव्हते. भिडणारे तुकडे ते दाखवते, जागा चुकलेली रेघ दाखवत नाही.

दुसरी गोष्ट वेल्डिंगच्या आखडण्याची. मॉडेलमधील लांबी ही थंड, तयार तुकड्याची असते. लांब बिल्टअप (प्लेटा वेल्ड करून केलेल्या) गर्डरला दोन्ही बाजूंनी वेल्ड घातला की तो लांबीत आखडतो आणि एका बाजूचा वेल्ड आधी केला तर वाकतोही. म्हणून लांब गर्डरची शेवटची कड आणि टोकाची भोके आम्ही वेल्डिंगनंतर पाडतो. आपल्या कंत्राटदाराच्या सीएनसीवरून भोकांसह प्लेटा कापून येणार असतील, तर कोणत्या प्लेटांना भोके आधी चालतील आणि कोणत्यांना नंतर पाडायची, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

वेणाकाठ

दोघांचेही आभार. नंबरिंगची आणि अँगलच्या रेघेची बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती. एक शंका राहते. सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी माझ्यासारख्याला मोठी आहे आणि वर्षातून माझी मोठी कामे दोन किंवा तीनच असतात. मॉडेल बाहेरून करून घेतले तर चालेल का, आणि तसे केल्यास ते मी कसे तपासावे?

आर्वीची_डिटेलर

दादा, मी आर्वी तालुक्यातील माझ्या गावातून घरूनच हे काम करते. नागपूर आणि हैदराबादच्या फॅब्रिकेटरांसाठी टनाच्या दराने मॉडेल व ड्रॉइंग देते. वर्षात दोन-तीनच कामे असतील तर सध्या सॉफ्टवेअर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मॉडेल बाहेरून करून घ्यावे आणि पाहण्यासाठी ट्रिंबल कनेक्टसारखा मोफत व्ह्यूअर वापरावा. मॉडेल आयएफसी (मॉडेलच्या देवाणघेवाणीच्या खुल्या प्रकारच्या) फाइलमध्ये मागावे. ती बहुतेक व्ह्यूअरमध्ये उघडते, माप घेता येते, तुकडा फिरवून पाहता येतो. करारात तीन गोष्टी मात्र लिहून घ्याव्यात. मूळ मॉडेलचे संपूर्ण फोल्डर शेवटी आपल्याकडे यावे, वजन कोणते धरायचे ते ठरावे आणि डिटेलरने एकदा तरी वर्कशॉपमध्ये येऊन जावे.

फोल्डरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यात माझे स्वतःचे नुकसान झाले आहे. टेक्लाचे मॉडेल ही एक फाइल नसते. तुकडे एका डीबी१ फाइलमध्ये असतात, नंबरिंगची माहिती डीबी२ मध्ये असते, आणि ड्रॉइंग तिसऱ्या ठिकाणी वेगळी. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. एकदा यूपीएसची बॅटरी उतरली असताना मशीन बंद पडले आणि मी घाईने जुन्या प्रतीतून फक्त डीबी१ परत आणली. मॉडेल उघडले, सर्व काही दिसत होते. पण पुढचे नंबरिंग केले तेव्हा आधी वर्कशॉपला गेलेल्या ड्रॉइंगांवरचे मार्क आणि नवे मार्क वेगळे झाले. एकाच मार्कचे दोन वेगळे तुकडे वर्कशॉपमध्ये फिरू लागले आणि ते निस्तरण्यासाठी मला प्रत्येक तुकडा जुन्या ड्रॉइंगशी ताडून पाहावा लागला. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ठेवते.

वजनाविषयी सांगायचे तर सॉफ्टवेअर ७,८५० किलो प्रति घनमीटर या घनतेने वजन काढते. त्यातही एक वजन कापण्यापूर्वीच्या तुकड्याचे आणि एक भोके-कट वजा केल्यानंतरचे असते. आपले बिल काट्यावरच्या वजनाने होत असेल तर रोलिंगमधील (कारखान्यातून येणाऱ्या जाडीतील) फरक, वेल्ड आणि रंग त्यात येतात. गसेट आणि कैच्या जास्त असलेल्या कामात हे आकडे इतके वेगळे येतात की नफा त्यातच संपतो. कोणत्या आकड्यावर पैसे मिळणार हे दर ठरवतानाच लिहून घ्यावे.

गुण्या_ओळंबा

यवतमाळ जिल्ह्यातील एका आयटीआयमध्ये मी ड्राफ्ट्समनचा निदेशक आहे. पुतणीच्या शिक्षणापुरते सांगतो. टेक्लाची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती मोफत मिळते, पण ती शिकण्यासाठी असते, व्यवसायासाठी वापरता येत नाही. तिने आधी आपल्याच जुन्या शेडचे मॉडेल करावे, तेही ज्या कामात गसेट चुकले त्याच शेडचे. उभ्या असलेल्या शेडकडे जाऊन टेपने मोजता येते आणि मॉडेलमधील माप चुकले की लगेच कळते. तयार जोड देणारी कॉम्पोनंट सुरुवातीला वापरू नयेत. एंड प्लेट (बीमच्या टोकाची जोडाची प्लेट) बटण दाबून येते, पण ती हाताने प्लेट, वेल्ड आणि बोल्ट ठेवून एकदा केली नसेल तर तिच्यातील कोणते माप का बदलायचे, हे कळत नाही.

वऱ्हाडचा_अभियंता

मी अमरावतीत स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून काम करतो आणि या चर्चेत जबाबदारीचा मुद्दा यायला हवा. डिटेलिंगचे मॉडेल संपूर्ण फ्रेमची ताकद मोजत नाही. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे. तो वेग फ्रेमवर किती भार टाकतो हे माझ्या विश्लेषणात असते, मॉडेलला त्याची माहिती नसते. आपल्याकडे अनेकदा सल्लागार फक्त छेद देतात आणि जोड “नेहमीप्रमाणे” असे लिहून सोडून देतात. मग जोड प्रत्यक्षात डिटेलर ठरवतो. हे चुकीचे आहे आणि यात माझ्या व्यवसायबंधूंचा दोष अधिक आहे. वेणाकाठजी, आपण जोडांवरील भार लेखी मागावेत आणि ते मिळेपर्यंत मॉडेल पुढे नेऊ नये.

काही मापे मात्र डिटेलरला पाठ हवीत. आयएस ८००:२००७ या लोखंडी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ चे भोक, दोन बोल्टांमध्ये किमान अंतर बोल्टच्या व्यासाच्या अडीच पट, म्हणजे ५० मिलिमीटर. कडेचे अंतर भोकाच्या व्यासाच्या दीडपट, आणि कड हाताने गॅसने किंवा शिअरने कापलेली असेल तर १.७ पट. म्हणजे त्याच बोल्टला सीएनसीने कापलेल्या प्लेटवर ३३ मिलिमीटर पुरतात, पण आपल्या वर्कशॉपमध्ये हाताने कापलेल्या प्लेटवर साडेसदतीस लागतील. प्लेट कोण आणि कशाने कापणार हे डिटेलरला माहीत नसेल तर तो ३३ ठेवेल आणि आपल्या वर्कशॉपमध्ये ती प्लेट नियमात बसणार नाही.

सर्वांत जास्त गोंधळ फाउंडेशन बोल्टांवर (पायात गाडलेल्या, खांब धरणाऱ्या बोल्टांवर) होतो. मॉडेलमध्ये ग्रिड (खांबांच्या रेषांमधील अंतर) अचूक ६,००० असते, शेतातल्या प्लॉटवर गवंड्याने बसवलेले बोल्ट तसे नसतात. मॉडेल वर्कशॉपला देण्यापूर्वी बोल्ट प्रत्यक्ष मोजावेत, आणि ते पहाटे मोजावेत. स्टीलचा टेप २० अंशांवर प्रमाणित असतो. लोखंड दर अंशाला दहा लाखांत १२ भाग वाढते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ४५ अंश असते, तेव्हा ६० मीटरच्या मापात टेप १८ मिलिमीटर लांब झालेला असतो आणि तितकेच माप कमी दाखवतो. उन्हात तापलेल्या जमिनीवर टेप हवेपेक्षाही गरम असतो. टोटल स्टेशन (अंतर व कोन मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) मिळाले तर उत्तम, न मिळाल्यास सूर्य वर येण्यापूर्वी काम संपवावे आणि प्रत्येक गाळा (दोन खांबांमधील अंतर) मागच्या गाळ्यापासून न मोजता पहिल्या खांबापासून सलग मोजावा.

वेणाकाठ

चार महिन्यांनी परत लिहीत आहे, कारण इथल्या सल्ल्याचे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे. सॉफ्टवेअर घेतले नाही. १४० टनांचे काम आर्वीच्या ताईंनाच दिले. त्या दोन दिवस वर्कशॉपमध्ये येऊन राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच काढले नाही. आमचा रेडियल ड्रिल किती उंचीचा तुकडा घेतो, शेडच्या दारातून किती लांबीचा गर्डर वळतो, गावाबाहेरच्या रस्त्यावर विजेच्या तारा किती खाली आहेत, एवढेच वहीत लिहून घेतले. त्यावरून त्यांनी राफ्टरचे जोड दोन ठिकाणी हलवले आणि अभियंत्यांकडून ते मंजूर करून घेतले.

फाउंडेशन बोल्ट आम्ही सकाळी साडेपाचला मोजायला घेतले. दोन खांबांचे बोल्ट जागेवरून सरकलेले निघाले, एक १४ आणि दुसरा २२ मिलिमीटरने. त्या दोन खांबांच्या बेस प्लेटची (तळाच्या प्लेटची) भोके अभियंत्यांच्या मंजुरीने मॉडेलमध्येच सरकवली. त्यामुळे त्या दोन खांबांना आपोआप वेगळे मार्क मिळाले, आणि फिटरने चुकून दुसरा खांब तिथे उभा करण्याची शक्यता राहिली नाही. खडू_आणि_पंच भाऊंच्या सांगण्याप्रमाणे लांब गर्डरच्या टोकाच्या प्लेटा भोकांशिवाय मागवल्या आणि भोके वेल्डिंगनंतर पाडली. पहिली फ्रेम फरशीवर आडवी जुळवून पाहिली, मगच बाकीच्यांना हात लावला. ब्रेसिंगचा प्रत्येक बोल्ट हाताने आत गेला. मागच्या वर्षी शिडीवर चढलेला तोच फिटर या वेळीही वर होता, आणि खाली उतरून त्याने फक्त “झालं भाऊ” एवढे सांगितले. मला त्या दोन शब्दांनी जे वाटले ते लिहिता येत नाही.

पुतणीने जुन्या शेडचे मॉडेल पूर्ण केले आहे आणि आता ताईंच्या हाताखाली ड्रॉइंग तपासते. पुढच्या कामात चौकोनी पाईपच्या पायवाटा आणि कठडे आहेत आणि ते गॅल्वनाइझ करायचे आहेत. त्यासाठी मॉडेलमध्ये वेगळे काही करावे लागते का?

खडू_आणि_पंच

हो, आणि हे विसरू नये. बंद पाईप जस्ताच्या सुमारे ४५० अंशांच्या टाकीत बुडवला की आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि पाईप फुटतो. टाकीजवळच्या माणसांच्या जिवाला त्यातून धोका असतो. प्रत्येक पाईपच्या दोन्ही टोकांना, कर्णाने समोरासमोरच्या कोपऱ्यांत, हवा जाण्याची आणि जस्त निथळण्याची भोके हवीत. ती वर्कशॉपमध्ये तोंडी सांगून पाडून घेऊ नयेत, मॉडेलमध्येच ठेवावीत, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या ड्रॉइंगवर येतील. पाईप पाईपला जिथे वेल्ड होतो तिथे आतून वाट राहते का तेही पाहावे. आणि कठड्याची लांबी ठरवण्यापूर्वी गॅल्वनाइझिंगवाल्याला त्याच्या टाकीची आतली लांबी-रुंदी-खोली विचारून ताईंना कळवावी.